लक्ष्मी, देशव्यवहार, अर्थ : एका शास्त्राची तीन नावे

आंबोलीच्या पावसाळ्यात पुस्तकाची पहिली आणि शेवटची पाने आधी जातात. बुरशी व कसर बाहेरून आत शिरते. मधला मजकूर पुष्कळदा शाबूत राहतो, शीर्षकपृष्ठ आणि प्रस्तावना मात्र नाहीशी होते. येथे राहून जुनी मराठी पुस्तके जमविणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ही हानी अर्थशास्त्रावरील आद्य अनुवादांच्या बाबतीत विशेष जाणवते; कारण तेथे शीर्षक हाच पहिला अनुवाद असतो.

लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' 1849चे, हरि केशवजींची 'देशव्यवहारव्यवस्था' 1854ची, तर जॉन स्टुअर्ट मिलच्या आधारे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सिद्ध केलेली 'अर्थशास्त्रपरिभाषा' 1855ची. सहा वर्षांत एकाच पाश्चात्त्य शास्त्राला तीन नावे मिळाली. 'लक्ष्मी' ही प्रसन्न व्हावी लागते. 'ज्ञान' हे पद त्या प्रसादाच्या जागी समज आणू पाहते. 'देशव्यवहारा'त देवता नाही, देवघेव आहे, आणि तिचा कर्ता देश आहे. इंग्रजी नावातील 'पोलिटिकल' या विशेषणाचा मान हेच नाव सर्वाधिक राखते. चिपळूणकरांनी संस्कृत परंपरेतला शब्द उचलला. पण कौटिल्याच्या ग्रंथाची पोथी शामशास्त्री यांच्या हाती आली ती 1905 साली, आणि ग्रंथ छापला गेला 1909 साली. म्हणजे 1855मध्ये नाव प्राचीन, आशय मिलचा, आणि नावामागील प्रमुख ग्रंथ अभ्यासकांपुढे नाही, अशी स्थिती होती.

पुढे 'अर्थशास्त्र' रूढ झाले आणि शास्त्राच्या नावातून 'देश' गळाला. वस्तुतः हा देश केवळ अनुवादाने आलेला नव्हता. रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीचा विचार 1843मध्येच स्वतंत्र पुस्तकात मांडला होता. अनुवाद आधी आणि स्वतंत्र विचार मागाहून, हा आपला नेहमीचा क्रम येथे टिकत नाही.

1867च्या कायद्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांची, म्हणजे आपल्या दोलामुद्रितांची, सरकारदरबारी रीतसर नोंद होत नसे. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीसारख्या परिश्रमांमुळे नावे तरी हाती राहिली. परंतु सूची नाव सांगते. ते नाव का निवडले, हे सांगत नाही. त्याचा माग प्रस्तावनेत, पारिभाषिक शब्दांच्या निवडीत आणि तळटीपांतच काढावा लागतो. म्हणून सुबक बांधणीच्या, पण नव्याने पुठ्ठा चढविताना आरंभीची पाने गमावलेल्या प्रतीपेक्षा प्रस्तावना शाबूत असलेली फाटकी प्रत संग्राहकाने अधिक मोलाची मानावी. दुर्मिळता हा ग्रंथविक्रेत्याचा निकष झाला. वाङ्मयेतिहासाला हवा असतो तो शब्द निवडतानाचा विचार. तो या पावसात सर्वांत आधी भिजतो.