बीअरचे दाबपिंप

बीअरचे दाबपिंप (प्रेशर बॅरल, केग) : आंबून तयार झालेली बीअर कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाखाली साठवण्याचे आणि त्याच दाबाच्या जोरावर तोटीतून पेल्यात काढण्याचे हवाबंद भांडे. घरगुती वापराची पिंपे साधारण १९ ते २५ लिटरची असतात. २३ लिटर बीअर बाटल्यांत भरायची तर ६५० मिलिलिटरच्या पस्तीसेक बाटल्या धुवाव्या, भराव्या आणि बुचे ठोकून बंद कराव्या लागतात. पिंप एकच धुवावे लागते. मात्र एका बाटलीचे बूच गळाले तर एकच बाटली जाते; पिंपाचा वायसर गळाला तर अख्खा घाणा जातो. म्हणून पिंपाची निवड म्हणजे मुख्यतः त्याच्या सांध्यांची निवड. आकार, रंग, तोटीची शोभा या पुढच्या गोष्टी.

कायदा. मुंबईत कांजूरमार्गला राहणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवता येत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा (आताचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा) कलम १२ नुसार मद्यनिर्मितीला मनाई करतो आणि कलम १३ नुसार त्यासाठी साधने बाळगण्यालाही. त्यामुळे रिकामे पिंप हौसेने घरात ठेवणे आणि ते बीअर बनवण्याच्या इराद्याने ठेवणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरसाठी परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत संघराज्य पातळीवरची मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद उघडपणे करता येतो, कांजूरच्या त्यांच्या भावंडांना येत नाही. आपल्याकडे दाबाखालची ताजी बीअर परवानाधारकांकडूनच मिळते. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. २०१४ साली ‘गेटवे ब्रूइंग कंपनी’ने डोंबिवलीच्या कारखान्यातून मुंबईतल्या बारना केगमधली बीअर पुरवायला सुरुवात केली. कांजूरमार्ग आणि डोंबिवली मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर असल्याने, केगमधली बीअर म्हणजे काय ते परवाना असलेल्याच्या हातून पाहायला इथल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. पुढची माहिती परवानाधारकांना, परदेशी राहणाऱ्यांना आणि नुसत्या जिज्ञासूंना सारखीच लागू आहे.

प्रकार. पहिला प्रकार ब्रिटिश धाटणीचे प्लॅस्टिकचे पिंप. याला खाली तोटी असते आणि वर रुंद तोंडाचे, आट्यांचे झाकण. झाकणात पितळी झडप बसवलेली असते. तिच्या भोकावर एक साधा रबरी पट्टा ताणून बसवतात. आतला दाब चौरस इंचाला १० पौंडांच्या आसपास गेला की पट्टा फुगतो आणि जादा वायू फसफसत बाहेर पडतो. ‘किंग केग’ नावाने विकल्या जाणाऱ्या पिंपात तोटी वर असते आणि आत तरंगता गोळा असतो, त्यामुळे बीअर नेहमी पृष्ठभागाजवळून, म्हणजे गाळापासून दूर राहून निघते. दुसरा प्रकार स्टेनलेस स्टीलचा ‘कॉर्नेलियस’ केग. हा मुळात अमेरिकेत शीतपेयांच्या सिरपसाठी बनला आणि शीतपेय कंपन्यांनी पद्धत बदलल्यावर जुन्या बाजारातून हौशी लोकांच्या हाती आला. तो सुमारे १९ लिटरचा असतो आणि चौरस इंचाला १३० पौंडांपर्यंतच्या दाबासाठी आखलेला असतो. तिसरा प्रकार बारमधला धंदेवाईक केग, सहसा ३० किंवा ५० लिटरचा. त्याची मालकी बहुधा बीअर कंपनीकडेच राहते, म्हणून तो भंगारवाल्याकडे स्वस्तात दिसला तरी घेण्याआधी विचार करावा.

मुंबईत प्लॅस्टिकचे पिंप का टिकत नाही. प्लॅस्टिकचे पिंप इंग्लंडच्या थंड तळघरासाठी बनले आहे. तिथले तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असते. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, गरम द्रवात कमी. १२ अंशांना, १० पौंड दाबाखाली, एका लिटर बीअरमध्ये सुमारे १.८ लिटर वायू मुरतो. इंग्लिश एलला तेवढा पुरतो. हेच पिंप कांजूरच्या फ्लॅटमध्ये ३० अंशांवर ठेवले, तर तेवढाच वायू बीअरमध्ये राखायला आतला दाब २६ पौंडांच्या आसपास लागेल. पण झडप १० पौंडांवरच सुटते. वायू निघून जातो आणि लिटरमागे जेमतेम १.१ लिटर उरतो. पेल्यात येते ती फेस न धरणारी, कोमट, मिळमिळीत बीअर. म्हणजे दोष झडपेचा नसतो. झडप आपले काम चोख बजावते आणि बीअर बिघडते ती त्या चोख कामामुळेच. काही जण वैतागून रबरी पट्टा दुहेरी घालतात किंवा भोकच बुजवतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. दाब वाढून पिंपाला तडा जातो तो बहुधा तोटीच्या भोकाभोवती, आणि तोही बीअर भरलेली असताना.

लागरसाठी लिटरमागे २.४ लिटरच्या आसपास वायू हवा. तो ३० अंशांना टिकवायला ४० पौंड दाब लागतो, ४ अंशांना ११ पौंड पुरतो. म्हणून इथे स्टीलचा केग आणि तो मावेल असा फ्रीज यांना पर्याय नाही. कॉर्नेलियस केग साधारण ६३ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद असतो. घरातल्या एका दाराच्या फ्रीजमध्ये कप्पे काढूनही तो नीट उभा राहत नाही. आईस्क्रीमच्या दुकानात असतो तसा वरून उघडणारा डीप फ्रीजर, त्याला तापमान-नियंत्रक जोडून वापरतात. केग पिंपापेक्षा महाग पडतो आणि फ्रीजर त्याहून महाग. हा हिशेब खरेदीच्या आधीच करावा.

निवडताना काय पाहावे. पिंप जुने असेल तर आधी झाकण काढून वास घ्यावा. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला आंबट वास सहसा जात नाही. विजेरीचा झोत आडवा टाकला की ओरखडे दिसतात. प्रत्येक ओरखडा जिवाणूंचे घर असतो. झाकणाचे आटे बोटाने चाचपावेत. एखादा आटा बोथट झाला असेल तर झाकण तिरके बसते आणि रिंग कितीही नवी घातली तरी गळती थांबत नाही. कॉर्नेलियस केगमध्ये पाच रिंगा असतात : झाकणाची एक मोठी, वायूच्या आणि बीअरच्या खुंट्यांच्या दोन, आणि आतल्या दोन नळ्यांच्या दोन. जुना केग घेतला की पाचही बदलाव्या. आधीच्या शीतपेयाचा वास रबरात मुरलेला असतो आणि तो बीअरमध्ये उतरतो. खुंट्या दोन धाटणीच्या येतात, गोळीच्या पकडीच्या आणि खिळीच्या पकडीच्या. त्यांचे जोड एकमेकांना चालत नाहीत, म्हणून दोन केग घ्यायचे तर एकाच धाटणीचे घ्यावेत.

गळती तपासणे. रिकाम्या पिंपात १० पौंड दाब भरून सगळ्या सांध्यांवर साबणाचा घट्ट फेस ब्रशने लावावा. मोठी गळती लगेच बुडबुड्याने दिसते. बारीक गळती मात्र फेसात केसाएवढा पांढरा ठिपका करते, तो मिनिटभराने मोहरीएवढा होतो. तोटीच्या खालच्या बाजूला नजर पोहोचत नाही, तिथे आरसा धरून पाहावे. तपासणी रिकाम्याच पिंपावर करावी, याला कारण आहे. पिंपात बीअर असली की वरचा वायू हळूहळू तिच्यात विरघळतो, दाबमापकाचा काटा उतरतो आणि नवखा माणूस गळती समजून रिंगा उलथ्यापालथ्या करत बसतो. गळत असलेले झाकण जोर लावून पिळू नये, त्याने रिंग चेपते आणि गळती वाढते. प्रेशर कुकरची रिंग ज्याने वर्षानुवर्षे सांभाळली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. कुकरचा दाबही साधारण याच पट्ट्यात असतो, चौरस इंचाला सुमारे १५ पौंड. रिंगेवर व्हॅसलीन चोपडण्याची जुनी ब्रिटिश सवय टाळावी. पेट्रोलियम जेली नैसर्गिक रबर फुगवते आणि मऊ करते. खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकेच, पुरते. तोटीच्या आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप चालते. रिंगेवर ती लावू नये.

वायू. पिंपात बीअर भरताना २३ लिटरला ८० ते १०० ग्रॅम साखर घातली तर यीस्ट ती खाऊन वायू तयार करते. बीअर निम्मी संपली की दाब उतरतो आणि मग बाहेरून वायू द्यावा लागतो. सोडा सायफनच्या ८ ग्रॅमच्या गोळीने हे काम भागवता येते, पण तिच्याकडून फार अपेक्षा करू नये. एका गोळीत सुमारे ४ लिटर वायू असतो. तो २३ लिटर बीअरमध्ये पूर्ण विरघळला तरी लिटरमागे ०.२ लिटरचीही भर पडत नाही. गोळी बीअर बाहेर ढकलायला पुरते, फसफशीत करायला नाही. त्यासाठी सिलिंडर आणि दाबनियंत्रक लागतो.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मुंबईत जपून हाताळावा लागतो. २० अंशांना त्यातला दाब सुमारे ५७ बार असतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही, आणि मग दाब किती वाढणार ते सिलिंडर किती भरला आहे त्यावर ठरते. म्हणून जादा भरलेला सिलिंडर मे महिन्यात बाल्कनीत ठेवणे धोक्याचे. सिलिंडरचे नियमन २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली होते आणि ते पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर भरून घेऊ नये, आणि कोणी भरून देतो म्हणाला तर त्याच्याकडून तर मुळीच घेऊ नये. गळतीचा धोका वेगळा. ५ किलो वायू पूर्ण सुटला तर तो पावणेतीन घनमीटरच्या आसपास जागा व्यापतो. दहा बाय दहाच्या खोलीत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांजवळ जाते, आणि चार टक्क्यांपासूनच जिवाला धोका मानतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. जिथे माणसे खाली गादी घालून झोपतात तिथे सिलिंडर ठेवू नये.

धुणे आणि जंतुमुक्ती. दाब पूर्ण सोडल्याशिवाय कुठलाही सांधा उघडू नये. पिंप रिकामे झाले की त्याच दिवशी धुवावे. तळाचा गाळ एकदा वाळला की काथ्या भिजवल्यागत चिवट होऊन बसतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ते रात्रभर भरून ठेवावे, सकाळी मऊ फडक्याने पुसावे. प्लॅस्टिकमध्ये उकळते पाणी ओतू नये, तारेची घासणी तर लावूच नये. भांड्याचा साबणही नको, त्याचा अंश राहिला तर बीअरवर फेस टिकत नाही. तोटी दरवेळी सुटी करून धुवावी, कारण बहुतेक खराब घाणे तोटीच्या आतल्या खाचेत सुरू होतात. पिंप बाहेरून लखलखीत आणि तोटी मात्र वर्षभर न उघडलेली, असा प्रकार सर्रास आढळतो. पावसाळ्यात झाकण घट्ट लावून पिंप माळ्यावर टाकले की आत बुरशी धरते. ते पूर्ण वाळवून, झाकण सैल ठेवून, उलटे ठेवावे.

पाणी आणि खारी हवा. मुंबईच्या बहुतेक पाण्याचे शुद्धीकरण कांजूरला लागूनच असलेल्या भांडुप संकुलात होते. ते पाणी पिण्याला उत्तम असले तरी त्यात क्लोरीन असते. क्लोरीनचा अंश बीअरमधल्या फिनॉल-घटकांशी संयोग पावला की दवाखान्यातल्यासारखा वास येतो, आणि तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. सरबते टिकवण्यासाठी वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (केएमएस) चिमूटभर घातले की वीसएक लिटर पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ होते. ब्लीचिंगच्या पाण्याने स्टीलचा केग कधीही निर्जंतुक करू नये. स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर क्लोराइडमुळे ठिकठिकाणी फुटतो आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरे आणि खाडी असल्याने कांजूरच्या हवेतही मीठ असते. बाल्कनीत ठेवलेल्या केगच्या खालच्या कडेला, जिथे पाणी साचते, तांबूस डाग आधी दिसतात. तो भाग साध्या पाण्याने पुसून कोरडा ठेवला तर केग दहा-वीस वर्षे सहज टिकतो. प्लॅस्टिकच्या पिंपाचे आयुष्य तोटीच्या भोकाभोवती पहिली बारीक रेष दिसेपर्यंत. रेष दिसल्यावर डिंक, एम-सील असले उपाय करू नयेत, ते दाबाला टिकत नाहीत.

धंदेवाईक केगविषयी एक इशारा. त्याच्या तोंडात आतली उभी नळी स्प्रिंगसह बसवलेली असते आणि एका कड्याने अडकवलेली असते. आत दाब शिल्लक असताना ते कडे काढले तर नळी गोळीसारखी वर उडते. दाब सोडला असे वाटत असले तरी झडप पुन्हा दाबून पाहावी, आणि डोके केगच्या तोंडावर आणू नये.