पुठ्ठ्याचे द्वार

मुंबईचे ‘गेटवे ऑफ इंडिया’ पाहायला आलेला मनुष्य कमानीवरचा लेख वाचतो आणि सहज धरून चालतो, की पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी याच कमानीखालून हिंदुस्थानात आले. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. लेखात तारीख तीच आहे. पण त्या दिवशी अपोलो बंदरावर, आपल्या जुन्या पालव्यावर, हा दगड नव्हताच. होता तो पुठ्ठ्याचा देखावा!

गणपतीचे मखर करणाऱ्याला या कामाचे मर्म सांगावे लागत नाही. पुठ्ठ्याने भार सोसायचा नसतो, भास तेवढा पेलायचा असतो. समुद्रकाठी त्याचे वैरी दोन, ओल आणि वारा. पण डिसेंबरात मुंबईला पाऊस नसतो, आणि टिकायचे होते ते एका स्वागतापुरते. बादशहा उतरले, १२ तारखेला दिल्लीचा दरबार झाला. पुठ्ठ्याने आपले काम चोख बजावले.

दगडाची कथा मात्र लांबली. ३१ मार्च १९१३ ला गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी कोनशिला बसवली, तेव्हा आराखडाही ठरलेला नव्हता! जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला. मग समुद्रात भराव, मग पाया. पिवळसर बेसाल्ट, सोळाव्या शतकातल्या गुजराती धाटणीची कमान, दगडी जाळ्या, ८३ फूट उंची. खर्च सुमारे २१ लाख. कमानीसमोर येणारा सरळ, रुंद रस्ता योजला होता. त्याला पैसे उरले नाहीत. ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वास्तू खुली केली, म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. ते पाहुणे पुन्हा या देशात आलेच नाहीत.

मला त्या पुठ्ठ्याविषयी माया वाटते. आपण चार दिवसांचे आहोत, हे त्याने लपवले नाही. दगडाने मात्र साम्राज्याच्या कायमपणाची हमी घेतली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पलटण, हिंदुस्थान सोडणारे शेवटचे ब्रिटिश पायदळ, त्याच कमानीतून समुद्राकडे चालत गेली. निरोपाची भेट म्हणून आपल्या सैन्याने तिला गेटवेची एक छोटी प्रतिकृती दिली. ती चांदीची होती.