कल्हईपासून मदरबोर्डपर्यंत

वस्तू कोणी घडवली, कोणाच्या काळात घडवली, याचा इतिहास लिहिला जातो. ती मोडल्यावर कोणाच्या हाती गेली आणि कोणी पुन्हा उभी केली, याची नोंद क्वचितच सापडते. महाराष्ट्राच्या गावोगावी भांड्यांना कल्हई करणारे, चाकू-कात्र्यांना धार लावणारे शिकलगार, जुन्या गादीचा कापूस पिंजणारे पिंजारी हे सारे मोडकळीस आलेल्या वस्तूंचे आयुष्य वाढवत होते. त्यांत मुस्लिम कारागिरांची संख्या मोठी होती. घरोघरी स्टेनलेस स्टील आले, कल्हईची भट्टी विझली. फोमच्या गाद्या आल्या, पिंजाऱ्याचा हात रिकामा झाला. पण दुरुस्तीवर पोट भरणे थांबले नाही. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही असा प्रवास करत ही परंपरा संगणकापर्यंत पोहोचली. जुन्या लॅपटॉपचा बाजार हे तिचेच आजचे रूप आहे.

या बाजाराला चालना मिळाली ती १९९१च्या आर्थिक धोरणानंतर. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील आयातशुल्क शून्यावर आले. बँका आणि कंपन्यांत यंत्रे भराभर आली, तितक्याच भराभर बदललीही जाऊ लागली. काही वर्षे वापरलेले लॅपटॉप कंपन्या लॉटने विकतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा ठिकाणी ते उघडले जातात. एकाचा पॅनेल, दुसऱ्याचा कीबोर्ड, तिसऱ्याची रॅम घेऊन चौथा चालू होतो. मदरबोर्डवरची निकामी चिप गरम हवेने उतरवून नवी बसवणारा कारागीर बहुधा कोणत्याही तंत्रनिकेतनात गेलेला नसतो. उस्तादाशेजारी बसून तो शिकलेला असतो. नवे यंत्र न परवडणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा पहिला लॅपटॉप अशाच हातांतून आलेला असतो.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे दुरुस्त होत नाही, ज्याचा सुटा भागही विकला जात नाही, ते दिल्लीत यमुनेपलीकडच्या सीलमपूरसारख्या मुस्लिमबहुल वस्तीत सुटे केले जाते. तिथून मदरबोर्डचे तुकडे मुरादाबादला जात राहिले. मुरादाबाद ही पितळनगरी. भट्टी आणि धातू यांच्याशी तिथल्या कारागिरांचे पिढ्यांचे नाते. पितळेचा धंदा मंदावला तेव्हा त्यांतले काही हात मदरबोर्ड जाळून तांबे काढण्याकडे आणि तेजाबात बुडवून सोने वेगळे करण्याकडे वळले. धुरातून आणि राखेतून शिसे, कॅडमियम यांसारखे विष शरीरात आणि रामगंगेच्या मातीत उतरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही २०१७ मध्ये नदीकाठच्या या कचऱ्याची दखल घ्यावी लागली. कल्हईवाल्याचा धूर थोडा होता; हा धूर पुढच्या पिढीच्या रक्तात जातो.

यातला काही कचरा परदेशातूनही आला. घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझल करार १९८९ मध्ये झाला, भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. तरीही २००२ मध्ये ‘एक्सपोर्टिंग हार्म’ या अहवालाने चीनमधील ग्वियू, दिल्ली आणि कराची येथे श्रीमंत देशांचा संगणकी कचरा कसा पोहोचतो ते जगापुढे मांडले. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे गरीब हात एकच विष हाताळत होते. सगळा इलेक्ट्रॉनिक कचरा पूर्वसंमतीच्या अटीखाली यायला मात्र १ जानेवारी २०२५ उजाडावे लागले.

आपल्या देशातील ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११चे. ते मे २०१२ पासून लागू झाले. उत्पादक, संकलन केंद्र, पुनर्चक्रण करणारा कारखाना यांना त्यांत जागा मिळाली. जुने यंत्र दुरुस्त करून विकणारा हा स्वतंत्र घटक म्हणून कायद्याला दिसला तो २०१६च्या नियमांत. त्याच नियमांनी या कामगारांची ओळख, नोंदणी आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी राज्यांच्या कामगार विभागावर टाकली. २०२२च्या नियमांनी दुरुस्तीकाराला केंद्रीय पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. गल्लीतल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात बसणाऱ्या उस्तादाला ही कागदपत्रे कोण भरून देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिम कामगारांत स्वतःच्या हिमतीवर छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. अशा समाजासाठी हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा नाही. दुरुस्ती आणि जाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. ‘भंगारवाला’ या एका शब्दात दोन्ही कोंबली की छापा पडतो तेव्हा सोल्डरिंगवाला आणि तेजाबवाला एकाच रांगेत उभे केले जातात. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात आल्याची नोंद आहे. अशा जगाला दुरुस्ती करणाऱ्या हातांची फार गरज आहे.

म्हणून आपल्या जमाती, संस्था आणि शिकलेल्या तरुणांनी दोन कामे करावीत. दुरुस्तीच्या उस्तादांची नोंदणी करून द्यावी, आणि मदरबोर्डचा उरलेला गाळ परवानाधारक कारखान्यापर्यंत एकत्रितपणे, योग्य भावाने पोहोचेल अशी सहकारी व्यवस्था उभारावी. कल्हईवाल्यांचा इतिहास लिहायला आपण उशीर केला. त्यांच्या वारसांचा इतिहास रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिला जाऊ नये.