चामडी बांधणीतील व्हिक्टोरियन कादंबरी : एका संग्राहक-रूढीची चिकित्सा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चामडी बांधणीचे, कण्यावर सोनेरी अक्षरे मिरविणारे खंड उभे राहतात. जुन्या ग्रंथांच्या बाजारात अशा संचांना आजही गिऱ्हाईक आहे. आणि त्यांचा संग्रह करणाऱ्या पुष्कळांची अशी प्रामाणिक समजूत असते की, डिकन्स किंवा थॅकरे यांचा प्रथम वाचक हेच पुस्तक हाती घेत असे. ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. ती चूक का झाली व तिच्यापायी कोणता पुरावा नष्ट झाला, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशक पुस्तक साध्या पुठ्ठ्यात विकीत, आणि कातडी बांधणी ग्राहक आपल्या ऐपतीप्रमाणे करवून घेई. सुमारे १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये पिकरिंग हा प्रकाशक व लेटन हा बांधणीकार यांच्या खटपटीने कापडी बांधणी रूढ होऊ लागली. पुढील दशकात कापडावर सोन्याचा ठसा उमटविण्याची युक्ती साधली, आणि कातड्याची गरज उरली नाही. व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली, तेव्हा नवी कादंबरी वाचकापर्यंत प्रामुख्याने दोन रूपांनी पोहोचत होती. एक, तीन खंडांची कापडी आवृत्ती. तिची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून ती मुख्यतः वर्गणीच्या ग्रंथालयांकडे जाई. १८४२ साली मूडीने सुरू केलेल्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येत असे. १८४७ मधील ‘जेन एअर’ याच रूपात निघाली. दुसरे रूप मासिक हप्त्यांचे : कागदी वेष्टन, एक शिलिंग किंमत, आणि कथेच्या मागेपुढे जाहिरातींची पाने.

या दुसऱ्या रूपाकडे माझे लक्ष वेधले ते एका किरकोळ खरेदीमुळे. फार वर्षांपूर्वी मुंबईच्या पदपथावर ‘ब्लीक हाउस’ची एक प्रत मिळाली : कण्याला व कोपऱ्यांना वासराचे कातडे, बाकी अंगावर अबरी कागद. विक्रेत्याच्या मते ती ‘ओरिजिनल’ होती, आणि भावही त्याने त्याच हिशेबाने सांगितला. घरी आल्यावर पाने उलगडून पाहिली, तो आतील समासात, शिवणीपासून थोड्या अंतरावर, बारीक भोकांची एक रांग दिसली. पुन्हा काही पानांनंतर तशीच रांग. मात्र जागा किंचित सरकलेली. हप्त्याची पाने ज्या दोऱ्याने टाचलेली असत, त्याची ती भोके होत. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ही कादंबरी वीस भागांत, पण एकोणीस अंकांत निघाली. शेवटचा अंक जोडअंक होता. कोणा अनामिक वाचकाने एकोणीस महिने ते अंक जपले आणि मग बांधणीकाराकडे दिले. बांधणीकाराने निळसर वेष्टने व जाहिराती काढून टाकल्या, कडा कापून समास अरुंद केला, आणि चित्रे त्या त्या प्रकरणाशेजारी बसविली. म्हणजे चामडे ‘जुने’ आहे खरे. परंतु ते पुस्तकाचे मूळ रूप नसून त्याचा पहिला जीर्णोद्धार आहे.

तरीही अशी समकालीन बांधणी क्षम्य म्हणावी लागेल. तिच्यात निदान एका वाचकाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी धनिकांसाठी सुस्थितीतील कापडी प्रती सोडवून त्यांना मोरोक्कोचे नवे अंगरखे चढविण्यात आले, ही गोष्ट अधिक खेदाची. काही चांगले बांधणीकार मूळ कापड शेवटच्या पानांमागे शिवून ठेवीत, एवढेच समाधान.

या अभिरुचीला शास्त्रीय उत्तर दिले ते मायकेल सॅडलियर व जॉन कार्टर यांनी. सॅडलियर हा स्वतः प्रकाशक व कादंबरीकार. प्रकाशकीय बांधणीच्या विकासावरील त्याचा ग्रंथ १९३० साली, तर स्वतःच्या संग्रहाची दोन खंडांतील सूची १९५१ साली प्रसिद्ध झाली. तो संग्रह आता लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. कार्टरने १९३२ मध्ये दाखवून दिले की, प्रकाशक छापलेले सर्व फर्मे एकदम बांधीत नसे. मागणीप्रमाणे थोडे थोडे बांधले जात, आणि दर खेपेस कापडाचा रंग व ठसा बदले. आपण हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवितो, त्याच निष्ठेने हे बांधणीभेद नोंदविले तर पुस्तक किती वेळा व किती सावकाश खपले याचा अंदाज करता येतो. कातडे चढविले की हा मार्ग बंद.

चामड्याचा टिकाऊपणाही गृहीत धरण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकातील कातडे तांबूस भुकटी होऊन झडते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली नेमलेल्या समितीने याची कारणे शोधली : रंगविताना वापरलेले गंधकाम्ल, घाईची कमावणी, दिव्याच्या गॅसची वाफ. सुमाकाने कमावलेले बकऱ्याचे कातडे तेवढे बरे, असा तिचा निर्वाळा होता. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यावर बुरशीची भर पडते ती निराळीच.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. उर्दूतील ‘जिल्द’ मूळ अरबी असून तिचा अर्थ कातडी. आणि आपला ‘पुस्तक’ हा शब्दही इराणी भाषांतील ‘कातडे’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. तेव्हा ग्रंथ आणि चर्म यांचे साहचर्य आपल्या मनात खोल रुजलेले असल्यास नवल नाही.

परंतु आपल्याकडील ग्रंथालयांतून जुन्या प्रतींची दुरुस्ती होताना याच साहचर्याचा फटका बसतो. एका ग्रंथालयात तीन खंडांची कापडी कादंबरी मी टिपणासाठी पाहिली होती. पुढल्या वर्षी गेलो तो तिन्ही खंड एकत्र बांधून, कडा कापून, लाल रेक्झिनमध्ये सज्ज होते. मूळ पुठ्ठ्यांची चौकशी केली, तेव्हा ते रद्दीत गेल्याचे कळले. त्यांच्या आतील बाजूस कोणाची चिठ्ठी होती, हे मी पहिल्या खेपेस उतरवून घेतले नव्हते.