जाड काळी फ्रेम

चष्म्याची फ्रेम ही पुरुषाची हौस कधी झाली? १९१७ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लॉइड या नटानं सिनेमात गोल, ठसठशीत फ्रेम चढवली. तिला काचाच नव्हत्या! तरी पोरांत तसल्या फ्रेमांची टूम निघाली. १९४७ साली तिथंच वरून जाड, खालून बारीक फ्रेम आली. त्या घाटाची फ्रेम पुढं माल्कम एक्सच्या डोळ्यांवर जगानं पाहिली.

आमच्या वस्तीत चष्मा म्हणजे बाबासाहेब. पुतळ्यालासुदीक चष्मा.

पहिल्या पगारात मी जाड काळी फ्रेम घेतली. हापिसातला सायेब हसला, "लई शिकलास का रं?" आई म्हणाली, "बारीक घे बाबा, लोकांच्या डोळ्यांत खुपतंय."

खुपू दे. माझ्या फ्रेमला काचा आहेत. मी वाचतो.