'रान' कोणाचे?

देशावरचा शेतकरी 'रानात' जातो तो शेतावर जातो. रान नांगरतो, रान भिजवतो. पण रानडुक्कर, रानभाजी या शब्दांतले रान हे जंगलच असते. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे आले?

'रान' हा शब्द 'अरण्य'पासून आला. प्राकृतात त्याचे 'रण्ण' झाले. आरंभीचा 'अ' गळतो, हे वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'तही नोंदलेले आहे. 'अरण्या'च्या मुळाशी 'अरण' आहे. 'अरण' म्हणजे दूरचे, परके. वैदिक वाङ्मयात 'ग्राम' आणि 'अरण्य' ही विरुद्ध टोके आहेत. ग्राम म्हणजे आतले, अरण्य म्हणजे बाहेरचे.

हे बाहेरचे रान आत आले ते श्रमाने. कोणी तरी झाडे तोडली, बुंधे उपटले, दगड वेचले आणि रानाचे शेत झाले. नाव मात्र जुनेच राहिले. तेव्हा प्रश्न असा, की रान मोडणाऱ्याच्या हाती शेत राहिले काय?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला 44 वा श्लोक सांगतो, की ज्याने बुंधे तोडून जमीन साफ केली, शेत त्याचे. न्याय तर सरळ दिसतो. पण दहाव्या अध्यायातला 51 वा श्लोक चांडाळांना गावाबाहेर ठेवतो आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरवतो. म्हणजे श्रमाने मालकी मिळते हा नियम होता, पण तो सर्वांसाठी नव्हता. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्यातला भेद मात्र जमिनीच्या व्यवहारात उरला.

तो आजही 'गायरान' या शब्दापाशी भेटतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 नुसार गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. ज्याच्या दावणीला गुरे, त्याला तिचा लाभ. ज्याच्याकडे गुरेही नाहीत आणि शेतही नाही, अशा भूमिहीनाने त्यातला एखादा माळ फोडला की त्याच्या कामाला 'वहिती' म्हणत नाहीत, 'अतिक्रमण' म्हणतात. गाव नमुना 1-ई मध्ये त्याचे नाव चढते ते अतिक्रमक म्हणून.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. मात्र शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे मिळाले असतील, तर अपवाद ठेवला. हा अपवाद कागदाने सिद्ध करावा लागतो, आणि आपल्या माणसांकडे नेमका कागदच नसतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, 1-ई चे उतारे आताच गोळा केले पाहिजेत. जो कागद माणसाला गुन्हेगार ठरवण्यासाठी लिहिला गेला, तोच त्याच्या कसणुकीचा पुरावा आहे. 'रान' या शब्दाने जंगल मोडणाऱ्याचे श्रम जपले. सातबाऱ्यावर त्याचे नाव चढवणे हे आपले काम आहे.