साखळी-करवतीची कुळकथा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्याला गड, तलवारी आणि ताम्रपट आठवतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर जिजाऊसाहेबांचे माहेर सिंदखेडराजा आहे, लोणारचे सरोवर आहे, त्याच्या काठची जुनी देवळे आहेत. पण इतिहास जसा दगडात असतो, तसाच तो लोखंडातही असतो. सुताराच्या पेटीत असतो, मेकॅनिकच्या दुकानात कोपऱ्यात पडलेल्या इंजिनात असतो. तो वाचायला अक्षरओळख लागत नाही. हात आणि डोळे लागतात. आज अशाच एका अवजाराची कुळकथा सांगायची आहे. हे अवजार म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत. झाड तोडायला ती आता आपल्याकडेही खेडोपाडी दिसते.

आधी साधी करवत आठवा. सातपुड्याच्या पायथ्याचा साग असो की बांधावरची बाभूळ, मोठा ओंडका कापायला दोन माणसे लागत. एकाने ओढायचे, दुसऱ्याने सोडायचे. फळ्या पाडायच्या तर एक माणूस वर आणि एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा! दात बोथट झाले की सुतार कानस घेऊन बसायचा आणि एकेक दात घासायचा. नंतर एक दात किंचित उजवीकडे आणि पुढचा डावीकडे वाकवायचा, म्हणजे पाते लाकडात अडकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मर्म या दातांतच आहे.

आता गंमत पाहा. साखळीची करवत प्रथम निघाली ती झाडासाठी नव्हे, तर माणसाच्या हाडासाठी! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी दात असलेली बारीक साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात आणि सडलेले हाड काढताना तिचा उपयोग होई. एटकेनच्या १७८५ सालच्या सुईणशास्त्रावरील पुस्तकात तिचे चित्र आहे. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने एका पात्याभोवती फिरणारी साखळी बसवून ती हाताच्या दांड्याने फिरवली. आजच्या साखळी-करवतीचा सांगाडा इथेच तयार झाला. उणीव होती ती इंजिनाची.

शंभर वर्षांनी तीही भरून निघाली. १९२६ साली आंद्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. तिचे वजन ६४ किलो! ती उचलायलाच दोन माणसे हवीत. शिवाय जंगलात वीज कुठली? १९२७ साली एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली, आणि त्या डोंगराचेच नाव त्याने आपल्या कारखान्याला दिले. १९२९ साली श्टीलचीही पेट्रोलची करवत आली. तिचे वजन ४६ किलो होते. म्हणजे इंजिन आले तरी माणसे दोनच राहिली. एक इंजिनाच्या बाजूला, दुसरा पात्याच्या टोकाला.

वजनाइतकीच दुसरी अडचण कार्ब्युरेटरची होती. लुना आडवी पडली की पेट्रोल सांडते, हे आपण पाहिलेच असेल. जुन्या करवतीचेही तसेच. इंजिन उभे असेल तरच चालायचे. आणि झाड तोडताना तर ते आडवे धरावे लागते. पुढे तरंगत्या गोळ्याऐवजी लवचिक पडद्यावर चालणारा कार्ब्युरेटर आला आणि करवत हवी तशी वाकवता येऊ लागली. १९५० च्या सुमारास एका माणसाने चालवायच्या करवती निघाल्या. १९५९ साली श्टीलची ‘कॉन्ट्रा’ आली. तिचे वजन अवघे १२ किलो आणि ताकद ६ अश्वशक्ती. ६४ किलोंवरून १२ किलोंवर यायला ३३ वर्षे लागली.

पण दातांचा प्रश्न कोणी सोडवला? तो सोडवला एका अळीने! जुन्या साखळीचे दात हातकरवतीसारखेच होते. ते लवकर बोथट व्हायचे आणि घासण्यातच दिवस जायचा. १९४६ साली अमेरिकेच्या ओरेगॉन भागात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. लाकूड पोखरणारी एक जाड अळी त्याला दिसली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडत लाकडातून सहज वाट काढत होती. त्याने त्या जबड्यासारखे वाकडे दात बनवले, एक डावा आणि एक उजवा, आणि १९४७ साली अशा साखळ्यांचा धंदा सुरू केला. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या आहेत. आपला सुतार दात दोन बाजूंना वाकवत होता, त्यामागेही हेच तत्त्व नव्हते काय?

जगात अनेक देशांत या जुन्या करवती गोळा करणारे, दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत. त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे पडलेले इंजिन ते एकदम दोरी ओढून चालू करीत नाहीत. आधी प्लग काढून आत दोन थेंब तेल सोडतात आणि दोरी हळूहळू ओढून पाहतात. टाकीत पेट्रोल सुकून चिकटा धरलेला असतो, तो धुतात. कडक झालेला पडदा बदलतात, पॉइंट घासतात. रबरी सील चिरलेली असली तर आत जादा हवा शिरते, इंजिन तापते आणि पिस्टनवर चरे पडतात, म्हणून तीही तपासतात. सुटा भाग मिळत नसेल तर तो लेथवर करून घेतात, किंवा दोन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत करतात. लुना आणि राजदूत दुरुस्त करून ज्याचे केस पिकले, त्या आपल्या मेकॅनिकला यातले काहीच नवे नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाची नाडी त्याला कळते. हे ज्ञान बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते. ते त्याच्या बोटांत असते. तो गेला की तेही गेले.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जुनी करवत पाहण्यासाठी जपावी, तोडीसाठी नव्हे. पात्याचे टोक लाकडाला अडकले तर करवत उसळून अंगावर येते. तेव्हा साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक जुन्या करवतींना नव्हता. त्यांच्या थरथरीने कामगारांची बोटे पांढरी पडून बधिर होत. म्हणून ती चालवून दाखवायची तर साखळी उतरवूनच.

कोणी म्हणेल, असले भंगार जमवून काय साधणार? त्याला पुण्याचे उत्तर आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरोघरच्या जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे असे सारे त्यांनी जमवले. १९६२ साली त्यांनी हा संग्रह शासनाच्या हवाली केला. तोच राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून आपण आज पाहतो. राजेरजवाड्यांच्या बखरींत न सापडणारा सामान्य माणसाचा संसार तिथे दिसतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेत एक फळी तरी अशी असावी. तिच्यावर गावातली जुनी करवत, कानस, वाकस आणि बंद पडलेले एखादे इंजिन मांडावे. मुलांनी म्हाताऱ्या सुताराकडे, मेकॅनिककडे जावे, प्रत्येक भागाचे गावात चालणारे नाव विचारावे आणि वहीत लिहावे. शक्यतो रंग नव्याने देऊ नये. जुना रंग आणि नंबराची पट्टी हाच त्या यंत्राचा जन्मदाखला.

आणि जाता जाता एवढेच. जे काम दोन माणसे दिवसभर करीत, ते हे यंत्र काही मिनिटांत उरकते. म्हणून तोडण्यापूर्वी विचार करायला मिळणारा वेळही त्याने हिरावून घेतला आहे. साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडे स्वतःच्या वावरात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. करवत जुनी झाली तर दुरुस्त करता येते, नाहीतर तिचा सुटा भाग घडवता येतो. शंभर वर्षांच्या चिंचेला सुटा भाग मिळत नाही. तेव्हा यंत्र जपू या, त्याची विद्या जपू या, आणि त्याच्या दातांपासून झाडही जपू या.